सगळं सूर्याच्या नावावर

त्या वर्षी होळीनंतरच्या आठवड्यात मी दिल्लीत, आमच्या आर. के. पुरमच्या सेक्टर मार्केटात मटार निवडत उभी होते आणि पर्समधला फोन वाजायला लागला. एक मेसेज, लगेच दुसरा, मग तिसरा. पहाडगंजमधल्या एका गल्लीतली सगळी छपरं खाली गेली आहेत, असं तो फोन सांगत होता. एखाददुसरं नाही, सगळीच. मी भाजीवाल्याकडे पिशवी ठेवली, नवऱ्याला फोन करून मुलीला क्लासहून आणायला सांगितलं आणि रिक्षा पकडली.

रिक्षात बसल्यावर पहिला विचार हाच आला की छपरं खाली जातील कशी? खोदकाम अजून त्या गल्लीपर्यंत पोचलंच नव्हतं.

मी तेव्हा फरीदाबादच्या एका सल्लागार कंपनीत मोजणीचं काम बघत होते. पहाडगंजमध्ये रस्त्याखालून पाण्याची मोठी वाहिनी टाकायची होती. वरून रस्ता न उकरता, एक यंत्र जमिनीखालून घुशीसारखं पोखरत पुढे जाणार होतं. वरची घरं जुनी, एकमेकांना टेकून उभी असलेली. यंत्र खालून जाताना एखादं घर खचलं तर ते वेळीच कळावं म्हणून आम्ही गच्च्यांवर अँटेने बसवले होते, उपड्या ताटलीएवढे, पांढरे. तो अँटेना आकाशातल्या उपग्रहांच्या लहरी ऐकतो आणि आपण नेमके कुठे आहोत ते काढतो. रोजच्या फोनमधल्या नकाशाला दहा पावलांची चूक चालते. आम्हाला बोटाच्या पेराएवढी चूकसुद्धा चालणार नव्हती. छप्पर तेवढं जरी खाली गेलं, तरी फोन वाजायचा. अख्ख्या गल्लीसाठी तो पहिल्यांदाच वाजत होता.

मी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. ठेकेदाराच्या माणसांनी गल्ली रिकामी केली होती. हॉटेलांतले गोरे पाहुणे पाठीवर पिशव्या लावून उभे होते, दुकानदार शटरं ओढून हुज्जत घालत होते, आणि या सगळ्याच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हाताऱ्या बाई मांडीवर किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसल्या होत्या. त्या स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होत्या. मराठीत. मी जवळ गेले आणि ओळखलं. पहाडगंजच्या मराठी शाळेत मला चौथीला त्यांनीच शिकवलं होतं.

"बाई, मी तुमची विद्यार्थिनी," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यातून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाव सांगू नकोस. आठवेल मला." मग रिकाम्या गल्लीकडे बोट करून, "हा उद्योग तुझाच का?"

"काळजी घेतोय, बाई."

"माझ्या भाकऱ्या तव्यावर होत्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही दुर्बिणीच्या यंत्राने घरांची उंची नव्याने मोजली. ही जुनी, भरवशाची पद्धत. पण पहाडगंजच्या गल्लीत ती करायची म्हणजे शिक्षा. जिथे नजर टाकावी तिथे वायर, पाटी किंवा वाळत टाकलेल्या चादरी. दिवस गेला. एकही घर जागचं हललं नव्हतं. आमच्या कंपनीतल्या साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "चलो, अच्छा है. सेफ साइड पे रहे."

मग काही दिवसांनी, भर दुपारी, पुन्हा तेच. पुन्हा गल्ली बाहेर, पुन्हा बाई खुर्चीवर, पुन्हा आमची दुर्बीण, पुन्हा काही नाही. आणि त्यानंतर पुन्हा. बाईंच्या घराच्या तळमजल्यावर सुटकेसचं ठोक दुकान होतं, दुकानदार बाईंचाच भाडेकरू. तिसऱ्या खेपेनंतर मी गल्लीत दिसले की तो शटरवर हात ठेवून विचारायचा, "मॅडम, आज मकान गिरेगा, या दुकान खोलूँ?"

साहेबांचं म्हणणं, यंत्रं खराब आहेत, बदलून घ्या. तशीच दुसरी आणून बसवली. बदललेलीही ओरडली.

शेवटी मी सगळ्या गच्च्यांचे आलेख एकाखाली एक मांडले, आणि बघताक्षणी इतकी चिडले की खुर्चीवरून उठून ऑफिसात एक चक्कर मारून आले. सगळी छपरं एकदम खाली जात होती आणि काही तासांनी एकदम वर येत होती. खचलेलं घर परत वर येत नाही. हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही.

हलत होतं ते आकाश. उपग्रहांकडून येणाऱ्या लहरी आपल्या डोक्यावरच्या एका थरातून येतात. त्याला आयनांबर म्हणतात. सूर्याच्या माऱ्याने तिथली हवा विजेने भारलेली असते, आणि तिच्यातून येताना लहर थोडी रेंगाळते. किती रेंगाळली, त्यावर आमच्या छपराची उंची ठरणार. सूर्य शांत असला तर तो थर बराच शांत असतो. पण दर अकरा वर्षांनी सूर्याला जोर चढतो, आणि ते वर्ष जोराचंच होतं. त्यातून मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने आपल्याकडे जास्त वाईट. दुपारी आणि दिवेलागणीनंतर तो थर दिल्लीवर आणि दिल्लीच्या दक्षिणेला सारखा राहत नाही, ढगांसारखा कमीजास्त होतो.

यावर उपाय असतो. एक अँटेना मुळीच न हलणाऱ्या जागी ठेवायचा आणि बाकीचे त्याच्याशी ताडून बघायचे. दोघांच्या डोक्यावर सारखंच आकाश असलं, की दोघांची चूकही सारखीच, आणि ती वजा होऊन जाते. आमचा असा अँटेना होता. फक्त तो पहाडगंजला नव्हता. तो दूर दक्षिणेला, फरीदाबादला, आमच्या ऑफिसच्या गच्चीवर होता. काम सुरू व्हायच्या आधीच मी म्हटलं होतं की तो गल्लीच्या जवळ पाहिजे. त्यावर साहेबांचं उत्तर मला अजून पाठ आहे : "यहाँ बिजली अपनी है, गार्ड अपना है. फरीदाबाद की छत कहाँ भागी जा रही है?" छत कुठेच पळत नव्हती. पण तिच्यावरचं आकाश पहाडगंजच्या आकाशाहून निराळं होतं.

हे सगळं मी मीटिंगमध्ये सांगितलं. आलेख दाखवले. साहेब शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मॅडम, सूरज तो रोज़ निकलता है."

"सर, इस साल ज़्यादा एक्टिव्ह है."

"गर्मी तो अभी शुरू भी नहीं हुई."

गर्मीचा काही संबंध नाही, हे मी त्या टेबलाशी बसून किती वेळा सांगितलं असेल देव जाणे. ठेकेदाराचा साइट इंजिनिअर, मेरठकडचा तरुण गृहस्थ, मान डोलावत सगळं लिहून घेत होता. मला वाटलं, चला, निदान एकाला तरी पटलं. मीटिंग संपताना साहेबांनी विचारलं, "तो आपका सजेशन क्या है, एक लाइन में?"

मी म्हटलं, "सिस्टिम को सूरज से बचाना है."

एका ओळीत सांगायला नको होतं.

त्या आठवड्यात मावसबहिणीचं लग्न होतं. मी नाशिकला गेले. परत आले तर गल्लीतल्या एकाही अँटेन्याकडून माहिती येत नव्हती. चुकीची नव्हे, काहीच येत नव्हती. मी स्टेशनवरून बॅगेसकट थेट पहाडगंजला गेले आणि बाईंच्या घराचा जिना चढले. गच्चीवर आमच्या अँटेन्याच्या डोक्यावर लोखंडी चार पायांचं पत्र्याचं छप्पर उभं होतं. नवं कोरं, हिरवा रंग दिलेलं. शेजारच्या गच्चीवर तसंच, त्याच्या पलीकडे तसंच. आणि बाईंनी आमच्या पत्र्यावर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या.

मी तिथूनच साइट इंजिनिअरला फोन लावला.

"मॅडम, आपने ही तो कहा था, सूरज से बचाना है," तो म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता. "सर ने अप्रूव किया. दो दिन में सब जगह लगवा दिया."

"अँटेना आसमान को देखता है. आपने उसके ऊपर टिन रख दिया."

त्याने लगेच विचारलं, "तो फायबर का लगवा दें?"

मला रडूही येईना आणि हसूही येईना. मी पत्रा काढायला हात घातला तर बाई जिन्यातून वर आल्या. "मिरच्यांना हात लावू नकोस. अजून दोन उन्हं लागतील."

"बाई, हा पत्रा काढायचा आहे."

"परवा काढ. इतके दिवस ते तुझं ताट उघड्यावर होतं तेव्हा मला रस्त्यावर बसवलंत. आता झाकलंय तर निवांत आहे. एकदाही कुणी हाकललं नाही मला."

आणि ते खरं होतं. पत्र्याखाली अँटेना आंधळा झाला होता, त्यामुळे धोक्याची घंटाही बंद होती. साहेब तर दोन दिवस सगळ्यांना सांगत होते की प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला. मिरच्या वाळेपर्यंत बाईंचा पत्रा मी काढला नाही. काढू शकले नाही, असं म्हणणं जास्त बरोबर होईल. घरी आले तर नवऱ्याने विचारलं, "लग्न कसं झालं?" मी म्हटलं, "माझ्याशी बोलू नकोस." तो बिचारा मुलीला घेऊन खाली पार्कात गेला.

सगळा उन्हाळा मग खऱ्या उपायामागे गेला. गल्लीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर एक जुनी भक्कम सरकारी इमारत होती. तिच्या गच्चीवर एक अँटेना ठेवायला परवानगी हवी होती. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, दुसरीतून पहिलीत, असं मी किती फिरले. एका अधिकाऱ्याने मला विचारलं, "आप छत पे टॉवर लगा रही हैं? रेडिएशन का क्या?" मी म्हटलं, तो काही सोडत नाही, फक्त ऐकतो. "किसको सुनता है?" असा पुढचा प्रश्न आला.

त्याच काळात जुनी स्वस्तातली यंत्रं बदलून घेतली. प्रत्येक उपग्रह एकाच वेळी वेगवेगळ्या लहरींवर बोलत असतो. तो भारलेला थर सगळ्या लहरींना सारखाच अडवत नाही, आणि दोन लहरी ऐकल्या की त्यांच्यातल्या फरकावरून थराचा त्रास बराचसा काढून टाकता येतो. आमची यंत्रं एकच लहर ऐकत होती. हे कुणी कबूल केलं, कुणी नाही, पण पावसाळ्यापर्यंत नवी आली. घरांच्या भिंतींवर काचेची छोटी भिंगं बसवली, म्हणजे शंका आली की दुर्बिणीने लगेच ताडून बघता येईल. सूर्याची रोजची खबर देणारी पत्रकं असतात, ती मी सकाळी बघायला लागले. आणि साइटवरच्या खोलीत, सगळ्यांना दिसेल असा एक कागद मोठ्या अक्षरांत चिकटवला : सगळे एकदम हलले तर आधी आकाश बघा. एकटाच हलला तर आधी घर बघा.

सप्टेंबर आला, आकाश पुन्हा खवळायला लागलं, आणि फोन वाजला नाही. एका संध्याकाळी सूर्याकडून चांगलाच तडाखा आला होता. फरीदाबादचा जुना अँटेना मी अजून सुरूच ठेवला होता, त्याच्याशी ताडलं तर गल्ली वर-खाली नाचत होती. जवळच्या नव्या अँटेन्याशी ताडलं तर ती जागच्या जागी होती. ते दोन आलेख शेजारीशेजारी बघून मला जे समाधान वाटलं, ते मी कुणाला सांगणार? नवऱ्याला दाखवले. तो म्हणाला, "अच्छा, हे सरळ आहे ते चांगलं ना?" तेवढंही पुरे होतं.

पण माझं नशीब असं की ज्यांना सूर्याचं काही पटत नव्हतं, त्यांना आता दुसरं काही पटेना. साहेबांनी तो विषय आपलासा केला. मीटिंगची सुरुवातच "आज सूरज का मूड कैसा है, मॅडम?" अशी व्हायची. भेटायला आलेल्या पाहुण्यांना ते आलेख दाखवून स्वतः समजावून सांगायचे, निम्मं चुकीचं. ऑफिसचं इंटरनेट गेलं, सूर्य. लिफ्ट अडकली, सूर्य. ठेकेदाराचा अहवाल उशिरा आला तर त्यावर कारण लिहिलेलं, सौर अडथळा. मी एकदा म्हटलं, सर, रिपोर्ट तर माणूस टाइप करतो. ते हसले, मला वाटतं, मी विनोद केला असं समजून.

घटस्थापनेनंतर खोदणारं यंत्र बाईंच्या गल्लीखाली आलं. आणि दोन-तीन दिवसांत बाईंच्या गच्चीवरचा अँटेना हळूहळू खाली जायला लागला. एकटा. शेजारचे सगळे स्थिर. बाईंचं छप्पर तेवढं रोज थोडंथोडं, आणि एकदाही वर आलं नाही.

मी साइटच्या खोलीत गेले. साइट इंजिनिअरने मला वर्तमानपत्र दाखवलं. सूर्यावर मोठा स्फोट झाला आहे, अशी पहिल्या पानावर बातमी होती, ज्वाळांच्या चित्रासकट.

"सोलर है, मॅडम," तो म्हणाला.

"एकच छप्पर खाली जातंय. बाकीचे नाही." मी हे हिंदीत म्हटलं, पण रागात मराठीच तोंडात येत होतं. "भिंतीवरचा कागद वाचा."

"वो कॉर्नर वाला है. धूप सबसे ज़्यादा पकड़ता है."

मी साहेबांना फोन केला. दुर्बिणीने मोजेपर्यंत खोदकाम थांबवा, असं म्हटलं. ते म्हणाले, दसऱ्याला मोजणीवाले सुट्टीवर आहेत, आल्यावर बघू, आणि यंत्र मध्येच थांबवलं तर अडकतं. मग जरा चिडून म्हणाले, "पहले आप कहती थीं सूरज है. अब कहती हैं सूरज नहीं है. एक बात पे टिकिए, मॅडम."

मी फोन ठेवला आणि बाईंकडे गेले. त्या स्वयंपाकघरात साबुदाणा भिजवत होत्या. मी काही विचारायच्या आधी मागच्या न्हाणीघराच्या दाराकडे नजर गेली. दार अर्धवट उघडं, खालच्या बाजूला फरशीवर पांढरी कमान उमटलेली. मी लावून बघितलं. ते घासत जाऊन मध्येच अडकलं.

"त्याला मेणबत्ती चोळते मी," बाई म्हणाल्या. "तेवढ्यापुरतं लागतं."

"हे कधीपासून?"

"चार-पाच दिवस झाले असतील. आधी नीट लागायचं."

"मला कळवलं का नाही, बाई?"

"कळवणार होते. पण खालच्या सुटकेसवाल्याने सांगितलं, सूर्यामुळे आहे. पेपरात आलंय. तूच सांगितलंस ना सगळ्यांना, की घाबरायचं नाही, सूर्य आहे म्हणून?"

मी त्या दारापाशी उभी राहिले. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून एक बारीक भेग वर छतापर्यंत गेली होती. इतके महिने माझा जो वैताग होता तो लोकांच्या न ऐकण्याचा होता. आता त्यांनी ऐकलं होतं, आणि ऐकून हे केलं होतं. मला भीती वाटली, पण भीतीपेक्षा जास्त, कुणाच्या तरी खांद्याला धरून गदागदा हलवावं असं वाटलं. समोर बाईच होत्या, त्यांना हलवण्यात अर्थ नव्हता.

"बाई, आज तुम्ही इथे राहायचं नाही."

"मी या खेपेला निघणार नाही. दर वेळी निघाले आणि दर वेळी काही झालं नाही."

"त्या वेळी घर हलत नव्हतं. या वेळी हलतंय."

"मग त्या वेळी कशाला काढलंत?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते द्यायला फरीदाबादपासून सुरुवात करावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी दसरा. मी नवऱ्याला उठवलं. मोजणीचं यंत्र मला लावता येत होतं, पण गर्दीत तिवईला धक्का लागू नये म्हणून कुणीतरी हवं होतं. तो केंद्र सरकारात हिशेब तपासणारा माणूस, सुट्टीच्या दिवशी पहाडगंजच्या रस्त्यात हात पसरून उभा राहिला आणि येणाऱ्याजाणाऱ्या सायकल रिक्षांना "भाईसाहब, ज़रा उधर से" म्हणत राहिला. बाईंच्या भिंतीवरची भिंगं एकेक करून मोजली. पुढची बाजू ठीक होती. मागचा कोपरा एका सेंटिमीटरपेक्षा जास्त खाली गेला होता. शेजारचं घर जागच्या जागी. मी पुन्हा मोजलं, उलट बाजूने. तेच आलं.

साहेबांना आणखी एकदा फोन करण्यात मला अर्थ वाटला नाही. ज्या खात्याचं काम होतं, तिथल्या मुख्य अभियंत्यांना मी थेट फोन केला. ते जेवायला बसले होते. मी आकडे सांगितले, दाराचं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "एकच पॉइंट आहे? बाकीचे स्थिर?" मराठी अधिकारी होते, नागपूरकडचे. मी हो म्हटलं. त्यांनी संध्याकाळच्या आत काम थांबवलं.

जमिनीखाली, बाईंच्या मागच्या कोपऱ्याजवळ, माती यंत्राबरोबर जास्त ओढली जाऊन पोकळी झाली होती. भोकं पाडून तिथे सिमेंटचं पाणी दाबून भरलं, भिंत टेकू देऊन धरली, भेग सांधली. घर पडलं नाही. आणखी किती दिवसांनी पडलं असतं, की पडलंच नसतं, हे मला कुणी विचारू नये. मला माहीत नाही. साहेब महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. नंतर एका सादरीकरणात त्यांनी ते दोन्ही आलेख दाखवले, सूर्याचा आणि बाईंच्या घराचा, आणि आमच्या टीमची दक्षता असं वर लिहिलं होतं. माझं त्यावर काही म्हणणं नाही. म्हणजे आहे, पण ऐकणार कोण?

बाई मात्र त्या संध्याकाळी मोजलेले आकडे बघून निघाल्या आणि दुरुस्ती होईपर्यंत आमच्याकडे राहिल्या. दुसरं कुणी नव्हतं त्यांना दिल्लीत. क्वार्टरच्या बैठकीच्या खोलीत दिवाण लावून दिला. पहिल्या दिवशी माझ्या मुलीने कौतुकाने सांगितलं, "आजी, मी आईची मदत करते." बाई म्हणाल्या, "आईला मदत करते." मुलगी म्हणाली, "हां, बिल्कुल, तेच." बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चौथीत गेले. उंबरठा म्हणजे काय, हे मुलीला माहीत नाही हे कळल्यावर त्यांनी तिला घरभर फिरवून शोधायला लावला, आणि सरकारी क्वार्टरला उंबरठाच नाही हे लक्षात आल्यावर त्याचाही दोष माझ्याकडे आला. माझी भाजी तिखट, नवऱ्याचा चहा पांचट, बसचा आवाज फार, पाणी सकाळीच येतं आणि सकाळी का येतं. मी ऑफिसातून वैतागून यायचे आणि घरी माझी वाट बघत दुसरा वैताग बसलेला असायचा. एवढं असून रोज माझ्यासाठी पोळ्या करून झाकून ठेवलेल्या असायच्या, हेही सांगितलं पाहिजे.

माझं नाव त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही. त्यांनी मला ते सांगूही दिलं नाही म्हणा. त्या नुसतं 'तू' म्हणायच्या आणि मला ते चालायचं.

दिवाळीनंतर घर तयार झालं. मी आणि नवरा त्यांना सोडायला गेलो. मागच्या न्हाणीघराला नवं दार लागलं होतं. ते त्यांनी दहा वेळा उघडून लावून बघितलं आणि काही बोलल्या नाहीत, म्हणजे पसंत होतं. मी त्यांची बॅग घेऊन वर जात असताना खालचा सुटकेसवाला बाहेर आला आणि त्याने बाईंना विचारलं, "माताजी, आखिर हुआ क्या था मकान को?"

"सूरज की वजह से बैठ गया था," बाईंनी सांगितलं. "इस लड़की ने ठीक करवाया."

मी बॅग पायरीवर ठेवली आणि अगदी पहिल्यापासून समजावून सांगायला सुरुवात केली. आकाशाचा थर कुठला, घराचा पाया कुठला, सगळे हलले तर काय आणि एक हलला तर काय. दुकानदार अर्ध्यापर्यंत ऐकत होता. मग एक गिऱ्हाईक आलं आणि तो आत निघून गेला. बाई कधीच वर गेल्या होत्या. नवरा म्हणाला, "चल आता, चहा टाकलाय त्यांनी."